अर्थविषयक बातमीचे मराठी

११ मे २००५ या दिवशी जगातील परकीय चलनाच्या बाजारात थोडा वेळ मोठी खळबळ उडाली. चीन आपल्या युआन या चलनाचे मूल्य वाढविणार असून ही वाढ एका महिन्यात १.२६ टक्के आणि वर्षभरात ६.०३ टक्के इतकी असेल, असे वृत्त ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पडद्यावर झळकले. त्याला आधार होता तो चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र असलेल्या 'पीपल्स डेली'च्या इंटरनेटवरील इंग्रजी आवृत्तीचा. असल्या मुखपत्राने सांगितलेली गोष्ट म्हणजे सरकारनेच सांगितलेली गोष्ट, असा बाजाराचा समज झाला आणि तो अस्वाभाविक नव्हता. डॉलर विकले जाऊ लागले, जपानी येन वधारला, व्यापाऱ्यांनी कोट्यवधींचे सौदे केले. मग खुलासा आला की असा कोणताही निर्णय झालेला नाही.

झाले होते ते असे. हाँगकाँगमधील एका बातमीदार बाईंनी तेथील वृत्तपत्रांत येणाऱ्या अंदाजांचे एक संकलन चिनी भाषेत केले होते. वायदेबाजारातील भाव पाहता व्यापारी मंडळी युआनच्या किती वाढीची अपेक्षा धरून आहेत, हे त्यात सांगितले होते. १.२६ आणि ६.०३ हे आकडे त्या अपेक्षेचे होते. इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने अपेक्षेचा निर्णय करून टाकला. बाजार धरून चालला आहे, हे शब्द गळाले आणि चीन करणार आहे, हे शब्द आले. दोन्ही आकडे मात्र दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या स्थळापर्यंत बिनचूक होते! त्यानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, २१ जुलै २००५ रोजी, चीनने खरोखरच युआनचे मूल्य वाढविले. ती वाढ २.१ टक्क्यांची होती.

या प्रकरणाची आठवण आज करून देण्याचे कारण चीनशी निगडित नाही. अर्थविषयक बातमीत आकडा बरोबर असूनही बातमी समूळ खोटी असू शकते, आणि ती तशी होण्यास क्रियापदाचा एक काळ किंवा एक विशेषण पुरेसे होते, हे या घटनेइतके स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल. मराठी वाचकाला तर याचा विचार इतरांपेक्षा अधिक करावयास हवा. कारण मराठीत छापली जाणारी बहुतेक अर्थवार्ता हे मूळ इंग्रजी मजकुराचे भाषांतरच असते. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा ठराव, सेबीचे परिपत्रक, कंपन्यांचे तिमाही निकाल, अर्थमंत्र्यांचे अर्थसंकल्पीय भाषण, वृत्तसंस्थांच्या तारा हा सारा कच्चा माल इंग्रजी. तो रात्री उशिरा किंवा ऐन घाईच्या वेळी उपसंपादकाच्या पुढ्यात पडतो आणि पाऊण तासात त्याचे मराठी व्हावे अशी अपेक्षा असते. क्रिकेटच्या सामन्याच्या बातमीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी चार वाचक हसतात. व्याजदराच्या बातमीत चूक झाली तर कोणीतरी आपली ठेव मोडतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यातील बरीच वर्षे एका दैनिकाच्या वृत्तविभागात रात्रपाळी केली आहे. त्यामुळे पुढे जे लिहावयाचे आहे ते उंच आसनावरून लिहिलेले नाही, अपराध्याच्या पिंजऱ्यातून लिहिलेले आहे. एका रात्री बँकांच्या ताळेबंदाविषयीच्या बातमीत 'राइट ऑफ' हा शब्द आला. मथळ्यात जागा थोडी होती. मी 'माफ' असे लिहून मोकळा झालो. उद्योगपतींची इतकी इतकी कर्जे माफ, असा तो मथळा दुसऱ्या दिवशी छापून आला आणि आठवड्याच्या आत मराठवाड्यातील एका शेतकऱ्याचे पत्र आले. मोठ्यांना कोट्यवधींची माफी मिळते, तर आपल्या सोसायटीच्या थकलेल्या कर्जासाठी जप्तीची नोटीस कशी येते, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय, ही माफी मागण्यासाठी अर्ज कोठे करावयाचा असतो, असेही त्यांनी विचारले होते. त्यात उपरोध नव्हता. त्यांना खरोखरच पत्ता हवा होता. त्या पत्राला मी उत्तर पाठविले, परंतु काय लिहावे हे सुचण्यास मला दोन दिवस लागले.

'माफ' हा शब्द महाराष्ट्रात कोरा राहिलेला नाही. २००८ साली केंद्राने केलेली कर्जमाफी, २०१७ साली राज्याने जाहीर केलेली दीड लाखांपर्यंतची माफी, २०१९ च्या अखेरीस आलेली दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती हे सर्व गावोगावच्या लोकांनी अनुभवलेले आहे. याद्यांत नाव शोधणे, अंगठे देणे, नाव न सापडल्यास तालुक्याला खेटे घालणे हे सारे त्या एका शब्दाला चिकटलेले आहे. कर्जमाफी म्हणजे कर्जदार मोकळा झाला. त्याची बाकी सरकार भरणार. बँकेचे 'राइट ऑफ' ही निराळी क्रिया आहे. जे कर्ज थकले, ज्यासाठी नफ्यातून पूर्ण तरतूद करून झाली आणि चार वर्षे लोटली, ते बँक आपल्या ताळेबंदातून बाजूला काढते. कर्जदाराची जबाबदारी कायम राहते, दावा चालू राहतो, तारण विकता येते. सरकारी परिभाषेत यास 'निर्लेखन' म्हणतात, आणि हा शब्द ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. परंतु गंमत अशी की अगदी नेमका शब्द मराठीत पिढ्यान् पिढ्या आहे. आपला कोणताही किराणा दुकानदार तो वापरतो. उधारी वसूल होण्याचे चिन्ह दिसेनासे झाले म्हणजे तो ती 'बुडीत खाती' टाकतो. बुडीत खाती टाकली म्हणून तो उधारी विसरत नाही. गिऱ्हाईक रस्त्यात भेटले तर मागतोच. 'कर्जे बुडीत खाती' हा मथळा 'कर्जे माफ' या मथळ्यापेक्षा तीन अक्षरांनीच मोठा आहे. त्या तीन अक्षरांची काटकसर मला त्या रात्री करावयास नको होती.

हा केवळ एका उपसंपादकाचा प्रमाद असता तर त्याचा एवढा विस्तार केला नसता. २०१६ च्या नोव्हेंबरात स्टेट बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडविणाऱ्यांची काही खाती अशीच बाजूला काढल्याचे वृत्त आले. राज्यसभेत गदारोळ झाला आणि ही माफी नव्हे, हिशेबातील नोंद आहे, असा खुलासा अर्थमंत्री अरुण जेटली यांना करावा लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये माहितीच्या अधिकारात रिझर्व्ह बँकेने पन्नास बड्या कर्जबुडव्यांच्या ६८ हजार ६०७ कोटी रुपयांचा तपशील दिला. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तीच झटापट. त्या वेळी निर्मला सीतारामन यांनीही तोच खुलासा केला.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. माफी नव्हे हे खरे, परंतु ही निव्वळ हिशेबाची बाब आहे, असे सांगून सरकारने हात झटकणे हेही अर्धसत्यच आहे. २०२१-२२ पर्यंतच्या पाच आर्थिक वर्षांत बँकांनी सुमारे १० लाख कोटी रुपयांची कर्जे बुडीत खाती टाकली आणि त्याच काळात अशा खात्यांतून वसूल झाले ते सुमारे १ लाख ३२ हजार कोटी. म्हणजे ज्याला कागदोपत्री येणे म्हणतात, त्यातील फारच थोडे हाती येते. वाचकाला हे दोन्ही आकडे एकाच बातमीत मिळाले तर तो स्वतःच ठरवील की याला काय म्हणावयाचे. 'माफ' म्हणणारा आणि 'नुसती नोंद' म्हणणारा, दोघेही त्याच्या वतीने निकाल देऊन टाकतात.

शब्दांची ही बेपर्वाई सर्वाधिक महाग पडते ती बँकांच्या बातमीत. रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेवर जी पावले उचलते त्यांतील तीन ठेवीदाराच्या दृष्टीने महत्त्वाची, आणि ती एकमेकांपासून कोसांच्या अंतरावर आहेत. पहिले दंड. एखाद्या नियमाचे पालन झाले नाही म्हणून बँकेला काही लाख रुपये भरावे लागतात. ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेशी या दंडाचा संबंध नाही, असे त्याच पत्रकात नमूद केलेले असते. दुसरे निर्बंध. यात पैसे काढण्यावर मर्यादा येते, नवी कर्जे थांबतात. त्या पत्रकातही, यावरून परवाना रद्द झाला असे समजू नये, असे वाक्य असते. तिसरे परवाना रद्द होणे. आमच्या वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या तिघांना मिळून एकच शब्द आहे: 'कारवाई'. तो शब्द वाचून घरी बसलेल्या ठेवीदाराला काय कळावे?

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. आयुष्यभर गणित शिकविलेला, टाचणाची वही नेटकी ठेवणारा माणूस. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, खातेदारास सहा महिन्यांत केवळ १ हजार रुपये काढता येतील असे जाहीर झाले आणि शाखांपुढे रांगा लागल्या. तो देखावा त्यांनी दूरदर्शन संचावर पाहिला होता. त्यात खोटे काही नव्हते. त्या बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेला निघाला आणि ठेवीदारांना पुढे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. परंतु त्यानंतर काही महिन्यांनी गुरुजींच्या स्वतःच्या बँकेविषयी एक चार ओळींची बातमी आली. मथळा होता, अमुक बँकेवर रिझर्व्ह बँकेची कारवाई. बातमीत कारवाई कोणती हे नव्हते. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी मुदत संपण्याआधी ठेव मोडली, व्याजाचा काही भाग गमावला आणि ती रक्कम ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून एका पतसंस्थेत ठेवली. तेथे व्याज एक टक्का अधिक होते.

त्या बँकेला झाला होता तो दंड, आणि तोही किरकोळ. ती बँक आज व्यवस्थित चालू आहे. पतसंस्थेने मात्र दीड वर्षाने दार लावून घेतले. गुरुजींना ठाऊक नव्हते, आणि त्या चार ओळींत किंवा त्यानंतरच्या कोणत्याही बातमीत त्यांना कोणी सांगितले नाही, की बँकेतील ठेवीला विमा असतो आणि पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो. १९६० साली पलई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर ठेवविम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून ही योजना सुरू झाली. विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत ही विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. एवढी माहिती तीन वाक्यांत मावते. निर्बंधांच्या प्रत्येक बातमीखाली ती चौकटीत छापावी, असा नियम एखाद्या वृत्तपत्राने केला तर त्याला कितीसा खर्च येईल?

आता आकड्यांकडे वळू. इंग्रजी मोजणी हजारांच्या पटीत चढते, आपली शंभराच्या पटीत. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. हे पाठ असलेला माणूसही रात्री दोन वाजता एखादे शून्य खातो. खुद्द इंग्रजांनाही हा घोळ नवा नाही. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे दशलक्षाचा दशलक्षपट असा जुना अर्थ होता. सरकारी आकड्यांत यापुढे अमेरिकन पद्धतीचा, म्हणजे शंभर कोटींचा बिलियन धरला जाईल, असे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७४ च्या डिसेंबरात पार्लमेंटात सांगितले. जर्मन भाषेत आजही तो जुनाच अर्थ चालतो.

मराठीत याहून एक नाजूक खड्डा आहे. बिलियनला आपला 'अब्ज' आणि हिंदीचा 'अरब' हे बरोबर जुळतात. पुढची पायरी मात्र जुळत नाही. आपला 'खर्व' म्हणजे दहा अब्ज, आणि हिंदीचा 'खरब' म्हणजे शंभर अरब. हिंदी मजकुरावरून मराठी करणारा खरबचा खर्व करतो आणि रक्कम एका फटक्यात दहाव्या हिश्श्यावर येते. शब्दांचे नाते सख्ख्या भावांचे, पण मिळकत दहापट कमी. त्यापेक्षा हजार कोटी, लाख कोटी हे कमी डौलदार परंतु सर्वांना समजणारे शब्द बरे.

शून्य चुकले तर ते पकडण्याचा उपाय व्यवहारज्ञानात आहे. २०१९ पासून भारताची अर्थव्यवस्था पाच ट्रिलियन डॉलरची करण्याची घोषणा गाजू लागली. याचे मराठी पाच लाख कोटी डॉलर. 'डॉलर'च्या जागी चुकून 'रुपये' पडले, तर एकट्या महाराष्ट्राचे वार्षिक स्थूल उत्पन्न ४० लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलेले असताना साऱ्या देशाचे स्वप्न त्याच्या अष्टमांश ठरते! हे लक्षात यावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, पण आकडा वाचताना क्षणभर थांबावे लागते.

टक्केवारीचे दुखणे याहून सार्वत्रिक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत पतधोरण समितीने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वासहा टक्क्यांवर आणला. इंग्रजी मजकुरात ही कपात २५ 'बेसिस पॉइंट'ची होती, म्हणजे शुद्ध मराठीत पाव टक्का. कोणी त्याला '२५ अंश' म्हणतो, कोणी '२५ अंकांची घट', आणि एखादा धाडसी माणूस '२५ टक्के कपात' असेही लिहून जातो. कारकुनी पगारावर घर घेतलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. २५ लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, नऊ टक्के व्याज. पाव टक्का कमी झाल्यास त्याचा मासिक हप्ता सुमारे ४०० रुपयांनी उतरतो. व्याजदरच पंचवीस टक्क्यांनी घटला, म्हणजे नवाचा पावणेसात झाला, तर हप्ता सुमारे साडेतीन हजारांनी उतरेल. या दोन बातम्यांत त्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याइतके अंतर आहे. 'पाव टक्का' हा शब्द लहान मुलालाही कळतो. तो टाकून आपण अंश आणि अंक कशासाठी वापरतो?

महागाईच्या बातमीचेही तेच. किरकोळ किमतींच्या निर्देशांकावर आधारलेला महागाईचा दर २०२५ च्या ऑक्टोबरात ०.२५ टक्के इतका खाली आला. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेतील तो नीचांक होता. 'महागाई घटली' असे मथळे आले आणि मंडईतून पिशवी घेऊन परतणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचे चुकले नव्हते. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात हाच दर ६.२१ टक्के होता. म्हणजे २०२३ साली शंभर रुपयांना मिळणारे सामान २०२४ मध्ये १०६ रुपये २१ पैशांना झाले आणि २०२५ मध्ये १०६ रुपये ४८ पैशांना. भाव चढून बसले होते आणि त्यांनी आणखी चढणे जवळपास थांबविले होते. ते उतरले नव्हते. महागाई भत्त्याच्या हप्त्याचा हिशेब पैशापैशाने करणारे आमचे शिक्षक आणि कारकून बंधू हे सहज समजू शकतात. त्यांना ते समजणार नाही असे गृहीत धरूनच बहुधा बातम्या लिहिल्या जातात.

शेअर बाजाराच्या बातम्यांत भाषांतरापेक्षा नाट्याचा दोष अधिक आहे. ४ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, सेन्सेक्स ४ हजार ३८९ अंकांनी कोसळला आणि गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी रुपये 'बुडाले'. आकडे खरे. परंतु ४ हजार ३८९ अंक म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आत-बाहेर. हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आल्यानंतर २८ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स घसरला तो अवघ्या ५७० अंकांनी, पण ती घसरण पावणेतेरा टक्क्यांची होती. अंकांत पाहिले तर पहिली घटना आठपट मोठी, टक्क्यांत पाहिले तर निम्म्याहून लहान. आणि बुडालेले पैसे? ७ जून रोजी, म्हणजे तीनच दिवसांनी, निर्देशांक ७६ हजार ६९३ वर, त्याआधीच्या सर्व बंद भावांच्या वर पोचला होता. ज्यांनी चार तारखेला घाबरून विकले, पैसे बुडाले ते त्यांचेच. त्यांतील कितीजणांनी 'बुडाले' हा शब्द वाचून किंवा ऐकून विकले, याचा हिशेब कोणत्याही बाजाराकडे नाही. कंपनीने ५०० टक्के लाभांश दिला, ही बातमीही त्याच जातीची. टक्के असतात ते दर्शनी किमतीवर. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर लाभांश १० रुपये, आणि बाजारभाव दीड हजार असेल तर उत्पन्न शेकडा एक रुपयाहूनही कमी. पोस्टाच्या बचत खात्यावर याहून अधिक मिळते.

कधी कधी सारे प्रकरण एका विशेषणावर उभे असते. दूरसंचार लहरींच्या वाटपाविषयी महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१० च्या नोव्हेंबरात संसदेपुढे आला. सरकारला झालेल्या तोट्याचे त्यात एकाहून अधिक अंदाज होते. वेगवेगळ्या कसोट्या लावून ते सुमारे ५७ हजार कोटींपासून १ लाख ७६ हजार कोटींपर्यंत जात होते. तोट्यामागे विशेषण होते 'अनुमानित' या अर्थाचे. देशातील बहुतेक भाषांत अंदाजांपैकी सर्वांत मोठा तेवढा उरला, विशेषण नाहीसे झाले, आणि मग तोटा हा शब्दही जाऊन तेथे 'घोटाळा' आला. मराठीत तर १ लाख ७६ हजार कोटी ही जणू कोणीतरी पोत्यात भरून नेलेली रोकड होती. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, म्हणजे वाटप सदोष होते हे निर्विवाद. २०१७ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा मात्र सामान्य वाचक चक्रावून गेला. एवढे पैसे गेले कोठे, असे तो विचारू लागला. त्याला सात वर्षे ज्या भाषेत बातमी दिली गेली, त्या भाषेत या प्रश्नाला उत्तरच नव्हते.

मराठीपाशी शब्द नाहीत म्हणून असे होते, हे म्हणणे मला मान्य नाही. या भाषेतील पहिले वृत्तपत्र भाषांतर पोटाशी घेऊनच जन्मले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी काढलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत असे. एका स्तंभात लबाडी झाली तर शेजारचा स्तंभ चुगली करी. लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले ते १८४९ साली. आणि पंडितांच्या आधीपासून पेढीवर, मोंढ्यावर, दलालीच्या दुकानांत तेजी, मंदी, वायदा, पत, तारण, नजरगहाण, थकबाकी, जामीनकी, मुद्दल, कसर हे शब्द नाणावले जातच होते. संस्कृताळलेले कोश आणि इंग्रजीचा उसना पडदा या दोहोंच्या मध्ये हा सारा ऐवज पडून आहे. याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द हुडकलाच पाहिजे असा नव्हे. 'म्युच्युअल फंड' आणि 'रेपो' यांना तसेच राहू द्यावे. 'परस्पर निधी' या शब्दाने तर, पैसा परस्पर कोठेतरी गेला, असा भास होतो.

अलीकडे भाषांतराचे काम यंत्रांकडे जाऊ लागले आहे. यंत्राला सरसकट नावे ठेवण्याचे दिवस सरले, हे कबूल केले पाहिजे. साधी वाक्ये ते माझ्याहून लवकर आणि पुष्कळदा नीट करते. तथापि 'सरकारने सुरक्षा विकल्या' असे वाक्य मी छापील स्वरूपात पाहिले आहे. विकले होते ते सरकारी रोखे. हे वाक्य हास्यास्पद आहे म्हणून निदान पकडले तरी जाते. भय वाटते ते सफाईदार आणि चुकीच्या वाक्याचे. 'माफ' हा माझा मथळा तसाच होता. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

माझ्या जुन्या कचेरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याची सवय होती. रकमेची बातमी हाताखालून जाताना ते समासात पेन्सिलीने मूळ इंग्रजी आकडा लिहून ठेवीत आणि बातमी दुसऱ्या कोणाकडून उलट इंग्रजीत वाचून घेत. जुळले नाही तर कागद परत. पानाला उशीर होई, छपाईखाते बोंब मारी. त्यांच्या टेबलावर एक फुटकी वही होती. तीत प्रत्येक संज्ञेपुढे एकच मराठी शब्द असे, आणि तो बदलावयाचा झाल्यास का बदलला हे तारखेसह लिहिलेले असे. ते निवृत्त झाले तेव्हा ती वही कोणी घेतली नाही. मीही घेतली नाही. चूक झाल्यास दुरुस्ती त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळकपणे छापावी, असा त्यांचा हट्ट होता. तो मात्र त्यांच्या हयातीतही कोणी मानला नाही. माझ्या मथळ्याची दुरुस्ती आतल्या पानावर, दैनिक पंचांगाच्या खाली, दीड ओळीत आली होती.

शेजारचे गुरुजी हल्ली रविवारी सकाळी कात्रणे घेऊन येतात. उरलेले पैसे त्यांनी पुन्हा त्याच जुन्या बँकेत ठेवले आहेत. परवा त्यांनी आणलेल्या कात्रणात त्याच बँकेचे नाव होते आणि 'कारवाई' या शब्दाखाली त्यांनी तांबड्या शाईने रेघ मारली होती. दंड, निर्बंध की परवाना, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. मी बातमी दोनदा वाचली. तिच्यात ते नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून मूळ इंग्रजी पत्रक शोधून काढले. दंड होता, अडीच लाखांचा. गुरुजींनी आकडा कात्रणाच्या कडेला लिहून घेतला आणि चष्मा पुसत म्हणाले की, आता चहा टाकावयास हरकत नाही.